सांदवाडीतली नाली

“चपला हातात घे अन् सरळ खाटेवर ये,” मामाजी म्हणाले. “सांडशी पाण्यात कुठं गेली ते दिसून नाही रायली. पायाले लागन.”

मी दारातच उभी होते. ड्यूटीवरून आले होते, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत उचलून धरलेला. स्वयंपाकघरात घोट्याच्या वर पाणी होतं. कांद्याची टोपली तरंगत तरंगत चुलीच्या ओट्याला लागली होती. मामाजी खाटेवर मांडी घालून बसले होते, समोर स्टूल, स्टुलावर वातीचा स्टोव्ह, आणि स्टोव्हवर पिठलं रटरटत होतं.

“अहो, मी आले असते ना,” मी म्हटलं. “तुम्ही कशाला केलं?”

“तू येईपर्यंत पीठ भिजलं असतं. डबा खालीच होता.” त्यांनी पिठल्यात पळी फिरवली. “भाकरी काही जमली नाही. शेजारून आणल्या.”

खाटेवर बसून आम्ही दोघं जेवलो. खिडकीतून बाहेरचं अंगण दिसत होतं, म्हणजे अंगण असायला हवं होतं तिथं गढूळ तळं दिसत होतं. तुळशीवृंदावनाचा फक्त वरचा भाग पाण्याबाहेर होता. मामाजी मधूनच तिकडं बघत आणि पुन्हा ताटात बघत.

मामाजी म्हणजे माझे सासरे, तुळशीराम राऊत. आमच्या यवतमाळकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या बसस्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आवाज असा की लाउडस्पीकर बिघडला तरी कुणाची गाडी चुकत नसे. घरात मात्र ते कमी बोलत. दिवाकर गेल्यापासून तर अगदीच कमी.

दिवाकर माझा नवरा. कावीळ झाली, साधीच आहे म्हणता म्हणता पोटात पाणी झालं आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तो गेला. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच वारल्या होत्या. म्हणजे त्या घरात उरलो मामाजी आणि मी. माझा भाऊ पुसदहून न्यायला आला होता. मी गेले नाही. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर त्या घराची सवय झाली होती. कुठल्या खिळ्यावर काय टांगलंय ते अंधारातही सापडायचं.

घर जुनं नव्हतं. मामाजींनी नोकरीत असताना बांधलेलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं अंगण, मागं लांबलचक सांदवाडी, म्हणजे परसदार. सांदवाडीच्या टोकाला नाला. बांधलं तेव्हा घर रस्त्यापेक्षा उंच होतं, फाटकातून आत यायला पायरी चढावी लागायची म्हणे. मग दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर नवी गिट्टी, नवं डांबर पडत गेलं. घर तिथंच राहिलं आणि रस्ता वर आला. मी लग्न होऊन आले तेव्हा फाटकातून आत यायला पायरी उतरावी लागत होती. आमची जमीन काळी, एकदा भिजली की पाणी आत घेतच नाही. पाऊस आला की रस्त्यावरचं सगळं पाणी आमच्या अंगणात उतरायचं आणि पाहुण्यासारखं चार-चार दिवस राहायचं. त्या वर्षी ते पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये मेश्राम मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या आमच्या सुपरवायझर. आमचं एक्स्चेंज लवकरच ऑटोमॅटिक होणार होतं. ‘नंबर प्लीज’ म्हणून बोर्डात दोऱ्या खुपसून लाइन जोडायचे दिवस संपत आले होते.

“दिवाळीनंतर नागपूरला टेक्निकलचं ट्रेनिंग आहे,” त्या म्हणाल्या. “इथून एकच नाव जायचं आहे. मी तुझं धरलंय. ट्रेनिंग झालं की पोस्टिंगपण नागपूरलाच.”

मी यवतमाळला ते नवं यंत्र एकदा पाहिलं होतं. एका खोलीभर उभी कपाटं, आणि आत सगळं आपोआप खटखट चाललेलं. कुणी कुणाला जोडतंय ते कळत नव्हतं पण जोडलं जात होतं. परत येताना गाडीत मी तेच आठवत बसले होते. तरी मॅडमना मी म्हटलं, “नाही जमणार, मॅडम. घरात पाणी शिरतंय. सासरे एकटे. त्यांना असं सोडून कशी जाऊ?”

मॅडम म्हणाल्या, “विचार कर. अजून वेळ आहे.”

मी विचार केला नाही. घरी काही सांगितलंही नाही.

श्रावण लागला आणि पावसानं उघडीप दिली. एका संध्याकाळी घरी आले तर दारापुढच्या ओट्यावर नवं टिकास, नवं फावडं आणि दोन घमेली. मामाजी बनियनवर बसून टिकासाचा दांडा पाचरीनं घट्ट करत होते.

“हे काय?”

“नाली खंदतो,” ते म्हणाले. “अंगणातलं पाणी काढून देतो.”

“माणूस लावू ना आपण.”

“लावू. लागन तवा लावू. आधी मी पाहतो.”

त्यांनी आयुष्यात कधी खणलं नव्हतं. शिट्टी आणि वेळापत्रक एवढीच त्यांची हत्यारं. पहिल्या सकाळी टिकास मारताना त्यांच्या तोंडून प्रत्येक घावाला ‘हुं’ असा आवाज येत होता. दुपारी मी बघितलं तर तळहाताला फोड आलेले. मी हळद-तेल लावलं. ते नजर चुकवून बसले होते, खोडी करताना सापडलेल्या मुलासारखे.

अंगणातून रस्त्याच्या कडेची गटार जवळ होती, म्हणून त्यांनी तिकडं नाली काढली. रोज सकाळी ते खणत आणि ऑफिसला जायच्या आधी मी माती उपसून देई. शेजारच्या गुल्हाने काकू कुंपणाशी उभ्या राहून बघत.

“एवढ्या वयात कायले त्रास घेऊन रायले, राऊतजी?” त्यांनी एकदा विचारलं.

“घर वाचवाचं आहे,” मामाजी म्हणाले.

मी विहिरीवर गेले तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “तुले धरून ठेवाले चाललं हे सारं. घर चांगलं केलं की सून कुठं जात नाही. म्हाताऱ्याले कोण आहे दुसरं?”

मी हसले. पण घागर भरताना ते वाक्य मनातून गेलं नाही. खरंच असेल का? मला बरंही वाटलं, कुणाला तरी आपण हव्या आहोत म्हणून. आणि त्याच वेळी पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला तिथंच पाणी भरताना दिसू लागले. अंगण कोरडं, घर कोरडं, आणि त्यात मी.

पोळ्याच्या दिवशी पाऊस परत आला. बैल सजवून लोक तोरणाखाली उभे, आणि वरून सर सुरू. आम्ही दोघं ओट्यावर उभे राहून नाली कशी चालते ते बघत होतो. पाणी आलं खरं. पण उलटं. रस्त्याची गटार भरली आणि आम्ही काढून दिलेल्या वाटेनं सगळी घाण, शेण, तोरणाची आंब्याची पानं घेऊन सरळ आमच्या अंगणात शिरली. इतके दिवस पाणी जागा शोधत यायचं, आता त्याला आम्ही रस्ताच करून दिला होता.

मामाजी पावसात धावले आणि नालीच्या तोंडाशी घमेलं उपडं घालून त्यावर बसले. अंगातला नवा सदरा चिंब. मी पोत्यात माती भरभरून देत होते, ते तोंड बुजवत होते. गुल्हाने काकूंच्या घरातली माणसं पोळ्यातून परत येताना थांबून बघत होती.

पाणी थांबल्यावर मामाजी ओट्यावर येऊन बसले. केसांतून पाणी गळत होतं.

“डोळ्याले त उतार दिसत होता,” ते म्हणाले.

मला हसू आलं. दाबलं, पण आलंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग तेही हसायला लागले. दिवाकर गेल्यानंतर त्या घरात आम्ही दोघं मिळून पहिल्यांदा हसलो असू. हसता हसता त्यांना खोकला लागला, मी आत जाऊन टॉवेल आणला.

“सोडून द्या आता,” मी म्हटलं. “मे महिन्यात बघू. गवंडी बोलावू.”

“मेपर्यंत कोण थांबते?” ते एकदम म्हणाले. इतकी कसली घाई, ते मला कळलं नाही.

नव्या एक्स्चेंजच्या इमारतीचं काम आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं. तिथले गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन भिंतीची पातळी बघत. एक जण या टोकाला, एक जण त्या टोकाला. नळीतलं पाणी दोन्हीकडं सारख्याच उंचीवर थांबतं, मग जमीन वर आहे की खाली ते लगेच कळतं. मी ते कितीदा बघितलं होतं आणि डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याकडून मी रविवारपुरती नळी मागून आणली.

“रस्त्याकडं नाही,” मी मामाजींना म्हटलं. “मागं नाल्याकडं जाऊन बघू.”

“मधात गोठ्याचा उंचवटा आहे ना.”

“असू द्या. त्या टोकाला खाली असेल तर उंचवटा फोडता येईल.”

पूर्वी म्हैस होती तेव्हाचा गोठ्याचा दगडी ओटा सांदवाडीच्या मधोमध होता. त्यामुळं आमची सांदवाडी चढाचीच वाटायची. नळी घराला वळसा घालून नेली. मी अंगणात एक टोक काठीला धरून उभी राहिले, मामाजी दुसरं टोक घेऊन मागं गेले. मध्ये घर. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते.

“धरलं का?” मागून आवाज आला.

“धरलं.”

“पाणी हालून रायलं. थांब, निवळू दे.”

आम्ही थांबलो. नळीतलं पाणी वर-खाली होत होतं, त्यांचा हात हलला की माझ्याकडं कळायचं.

“कुंदा,” ते म्हणाले.

“काय?”

“दिवाकरची लई आठवण येते का तुले?”

मी काठी घट्ट धरली. दोन वर्षांत त्यांनी त्याचं नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं. त्याचा फोटो पुसायची मी, हार ते आणायचे, पण बोलणं नाही.

“येते,” मी म्हटलं. मग म्हटलं, “पण पहिल्यासारखी रोज नाही. मला त्याचं वाईट वाटतं. कधी कधी त्याचा आवाज आठवायला बसावं लागतं.”

नळीतलं पाणी हललं.

“मले बी तसंच होते,” ते म्हणाले. “मले वाटे मलेच होते.”

“मामाजी.”

“बोल.”

“हसायचा कसा ते आठवतं. बोलणं नाही आठवत.”

“हसाचा तो त्याच्या मायसारखा. आधी खांदे हालत.” थोडं थांबून ते म्हणाले, “निवळलं का तुह्याकडं?”

“निवळलं.”

“मंग खूण कर.”

मी काठीवर कोळशानं रेघ ओढली. त्यांनी तिकडं ओढली. मग दोघांनी जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. नाल्याकडचं टोक अंगणापेक्षा चांगलं कमरेइतकं खाली होतं. इतकी वर्षं उतार आमच्याच मागं होता, त्या गोठ्याच्या ओट्यानं दिसू दिला नव्हता. मामाजी घराला वळसा घालून आले. त्यांचे डोळे लाल होते. नळी गुंडाळताना ते म्हणाले, “चहा टाक.”

त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. खणताना बोलायचो, कारण हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही. दिवाकर लहानपणी बसस्टँडवर त्यांच्या खुर्चीत बसून कसा गाड्या सांगायचा ते त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला जाताना आम्ही कसे पावसात अडकलो आणि घरी येऊन काय खोटं सांगितलं ते मी सांगितलं.

“मले माईत होतं,” ते म्हणाले. “कंडक्टरनं सांगतलं होतं.”

गोठ्याचा ओटा फोडायला मात्र माणसं लावावी लागली. एकेक दगड निघाला तसा सांदवाडीचा चेहराच बदलला. अंगणाच्या सगळ्यात खोलगट जागी विटांचं चौकोनी कुंड बांधलं, त्यावर पानं अडवायला लोखंडी जाळी. तिथून घराच्या कडेनं, सांदवाडीतून थेट नाल्यापर्यंत चर, चरात खाली गिट्टी, तिच्यावर सिमेंटचे पाइप. पाइप बसवताना दर वेळी मी नळी धरायची आणि ते उतार बघायचे. पुढं फाटकाशी रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून वीतभर उंचीचा बांध घातला, त्याला सिमेंट फासलं. वरून माती ओढली तेव्हा इतकं काम केलंय हे दिसेनासंच झालं. नुसती एक जाळी आणि नाल्याकडं बाहेर आलेलं पाइपचं तोंड.

मामाजी तेवढ्या दिवसांत काळे पडले होते, वाळले होते, आणि जेवायला लागले होते. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची त्यांना. मी खाटेवरून त्यांचं घोरणं ऐकायची आणि मला गुल्हाने काकूंचं वाक्य आठवायचं. आता कसं जाणार कुणी इथून, असं मी स्वतःलाच म्हणायची. मग स्वतःलाच विचारायची, की जायचं होतं कुणाला?

मेश्राम मॅडमनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “नाव अजून मी काढलेलं नाही.” मला राग आला त्यांचा. काढून टाकलं असतं तर सुटले असते मी.

दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस आला, रविवारी भर दुपारी. आभाळ फाटल्यासारखा. रस्ता दिसेनासा झाला. फाटकाशी पाणी बांधाला लागलं, चढलं, आणि वळून पुढं गेलं. अंगणात पडलेलं पाणी मात्र साचायला लागलं. मी ओट्यावर जीव मुठीत धरून उभी. पाणी जाळीवर आलं, थांबल्यासारखं वाटलं. मग जाळीवर भोवरा झाला, लहानसा, आणि आतून घळघळ असा आवाज यायला लागला.

“चाल,” मामाजी म्हणाले.

एका छत्रीत आम्ही दोघं सांदवाडीतून नाल्याकडं गेलो. चिखलात माझी चप्पल रुतली ती तिथंच सोडली. पाइपच्या तोंडातून पाणी पडत होतं. आधी चहासारखं गढूळ, काड्याकचरा, कुठलं तरी झेंडूचं फूल. मग हळूहळू धार जाड झाली, निवळली. आम्ही कितीतरी वेळ बघत राहिलो. मला वाटलं, मामाजी काहीतरी बोलतील कामाबद्दल. पाइप नीट बसल्याचं वगैरे.

“कोणत्या तारखेले आहे ते?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“नागपूरचं. ट्रेनिंग.”

छत्रीवर पाऊस वाजत होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मेश्राम बाई भाजीबाजारात भेटल्या होत्या. श्रावणाच्या आधी.” ते पाण्याच्या धारेकडंच बघत होते. “म्हणे, कुंदा नाही म्हणते. घरात पाणी शिरते म्हणते. मी म्हटलं, खरं आहे, शिरते.”

मी त्यांच्याकडं वळले.

“आता नाही शिरत,” ते म्हणाले.

म्हणजे ते फोड, तो पोळ्याचा चिखल, ती घाई. मेपर्यंत थांबायचं नव्हतं, कारण दिवाळीनंतर बॅच सुरू होणार होती. श्रावणापासून हा माणूस माझं एक वाक्य खणून काढत होता.

“पण मामाजी, तुम्ही एकटे...”

“हे माह्यं झालं. माह्यं मी पाहतो. तुह्यं कारण सांग.”

“पाणी हेच कारण होतं.”

“नाही,” ते म्हणाले, रागानं नाही. “ते मले तवाच माईत होतं. पण सुरुवात कुठून तरी करा लागते ना. हे एक निघालं. आता दुसरं कोणतं आहे ते सांग. तेही काढू.”

मी रडायला लागले. त्यांनी छत्री माझ्याकडं सरकवली, स्वतः अर्धे भिजत उभे राहिले. रडू ओसरल्यावर मी म्हटलं, “मला भीती वाटते.”

“कायची?”

“इथं मी दिवाकरची बायको आहे. तुमची सून आहे. सगळं गाव ओळखतं. तिथं गेले की मी कोण? कोण म्हणून राहू?”

मामाजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

“टेलिफोनवाली म्हणून राह्य,” ते म्हणाले. “ते काय कमी आहे?”

त्या क्षणी मला ते उत्तर अगदी अपुरं वाटलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर. पण त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री नागपूरच्या वसतिगृहातल्या पलंगावर मी तेच स्वतःला सांगत राहिले, आणि ते पुरलं.

भाऊबीज झाली आणि मी गेले. मामाजींनीच बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, पेटी वर चढवली, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून निघून गेले. पहिला महिना मला फार जड गेला. रंगीत वायरींच्या जुड्यांमध्ये मी सारखी चुकायची, वर्गात बहुतेक पोरं, आम्ही बायका दोघीच. रविवारी मेश्राम मॅडम मामाजींना एक्स्चेंजमध्ये बोलावून घ्यायच्या आणि माझ्याशी जोडून द्यायच्या. फोनवरही ते बसस्टँडवरच्या आवाजात बोलत, मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. काय जेवलात विचारलं की सांगत. कसे आहात विचारलं की म्हणत, “मस्त.” मग दोघांनाही काही सुचत नसे, पण फोन ठेवावासा वाटत नसे.

त्या घरात ते पुढं बरीच वर्षं राहिले. स्वतः भाकरी करायला शिकले, सांदवाडीत वांगी-मिरच्या लावू लागले, आणि दर पावसाळ्यात गल्लीतल्या कुणाकुणाच्या अंगणाचा उतार बघून द्यायला लागले. माझ्याकडं आले की दोन दिवसांवर थांबत नसत. गेले तेही त्याच घरात, झोपेत, अंथरुणावर. मी पोहोचले तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि अंगणात पाणी नव्हतं.

पण मला त्यांचा शेवट तितका आठवत नाही, जितका त्याच्या कितीतरी आधीचा एक दिवस आठवतो. नागपूरला गेल्यावर पाच-सहा वर्षांनी प्रभाकर इंगोले माझ्या आयुष्यात आला. आमच्याच खात्यात होता, शांत माणूस. लग्नाचं त्यानं विचारलं तेव्हा मामाजींना कसं सांगावं या विचारात मी दोन महिने काढले. शेवटी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “माणूस कसा आहे ते मी येऊन पाहीन.” आले, प्रभाकरसोबत बाजारात जाऊन भाजी घेऊन आले, आणि मला म्हणाले, “चांगला आहे. घासाघीस करत नाही.”

लग्न रजिस्टरनं केलं. माझा भाऊ आला होता, पण मुलीकडचा साक्षीदार म्हणून मामाजी आधीच टेबलाशी जाऊन उभे राहिले होते. नवा सदरा, पांढरी टोपी, खिशाला पेन. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “मुलीचे कोण? वडील?”

“सासरा,” मामाजी म्हणाले.

कारकून थांबला. “म्हणजे मुलाचे वडील. मग तुमची सही त्या बाजूला येईल.”

“मुलाचे वडील ते, तिकडं बसले,” मामाजींनी प्रभाकरच्या वडिलांकडं बोट केलं. “मी मुलीचा सासरा.”

त्या खोलीत बरीच माणसं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. कारकुनानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं. मामाजींनी चष्मा लावला, सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली, पेनाला टोपण लावलं.

“हार घाला आता,” ते आम्हा दोघांना म्हणाले. “मागं लोक ताटकळून रायले.”